फाल्या म्हणजे नक्की कधी? शब्द द्यायचा, पाळायचा आणि वेळ आली तर मोडायचा कसा

मालवणीत ‘फाल्या’ म्हणजे उद्या. पण गवंडी ‘फाल्या येतंय’ म्हणाला म्हणून दुसऱ्या दिवशी घरात कोणी चहाचं आधण वाढवून ठेवत नाही. हा फाल्या कॅलेंडरातला नव्हे, हे बोलणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. गडबड होते ती मुंबईत फोनवर ऐकणारा तोच शब्द तारीख म्हणून धरतो तेव्हा. तो रजा टाकतो, रात्रीच्या गाडीनं येऊन उतरतो, तर अंगणात चिऱ्यांचा ढीग जसाच्या तसा. मग भांडण. गवंड्याच्या लेखी त्याने शब्द मोडलेलाच नसतो, कारण त्याने तो दिलेलाच नसतो.

मोडले म्हणून ज्यांच्या नावानं खडे फोडतो, त्यातले पुष्कळ शब्द असे मुळात दिलेलेच नसतात. म्हणून पहिलं काम होकार ओळखण्याचं.

होकार ओळखणे

‘बघतो’ म्हणजे नाही, फक्त तोंडावर म्हणवत नाही. ‘बघूया’ म्हणजे पुन्हा विचारलंत तर पुन्हा बघूया. ‘जमवतो’ यात इच्छा आहे, हिशेब नाही. ‘होय हो’ म्हणजे तुमचं बोलणं कानावर पडलं. ‘नक्की’ हा सगळ्यांत फसवा. तो जेवढ्या जोरात येतो तेवढी त्याच्यामागे तारीख नसण्याची शक्यता जास्त. आणि ‘चवथीच्या आधी’ ही तारीख नव्हे. चवथीच्या आधी अख्खं वर्ष असतं.

होकार खरा की कसा, हे तीन प्रश्नांत कळतं: काय, कधी, आणि नाही जमलं तर कोण कुणाला कधी सांगणार. तिसरा प्रश्न लोक टाळतात, कारण तो अपशकुनासारखा वाटतो. पण खरा होकार आणि नुसता मान डोलावणं यांतला फरक तिथेच उघडा पडतो. ‘सोमवारी सकाळी आठला येतो, दोन बिगारी घेऊन. पाऊस लागला तर मंगळवार. तेही नाही जमलं तर सोमवारी संध्याकाळी फोन करतो’ हा शब्द झाला. यातला एकही तुकडा समोरून येत नसेल, तर तुम्ही रजा टाकू नका.

गावच्या देवळात घातलं जाणारं गाऱ्हाणं या कामी चांगला नमुना आहे. देवाला नावानिशी हाक, गाऱ्हाणं कुणाच्या वतीनं ते, अडचण काय, मागणं काय, बदल्यात काय देणार, सगळं मोठ्यानं आणि एकेक वाक्य सुटं. प्रत्येक वाक्याला जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, म्हणजे साक्षीही तिथल्या तिथेच. माणसाशी बोलतानाही हाच क्रम धरा. सगळं एका दमात सांगून शेवटी एक ‘हो’ घेऊ नका. एकेक गोष्ट सांगा, तिला हो येऊ द्या, मग पुढची. जिथे हो यायला उशीर लागतो, तिथेच काम अडणार आहे.

तुम्हाला स्वतःला जमणार नसेल तर ‘बघतो’ म्हणू नका. भावकीत नाही म्हणणं जड जातं हे खरं, पण वाक्य अगदी छोटं ठेवलं तर निभतं: ‘या महिन्यात नाही जमणार, काकी. दिवाळीनंतर विचारा.’ कारण जोडायचं नाही. कारण दिलंत की काकी त्या कारणावर तोडगा काढतात, आणि तुम्ही अडकता.

उलटा हिशेब

तारीख पुढे मोजत गेलात तर चुकते, शेवटापासून मागे मोजलीत तर बहुधा जमते. कौलारू घराची शाकारणी घ्या. मृग नक्षत्र लागतं ७ किंवा ८ जूनला. वळवाची सर त्याच्या आधीच येऊ शकते, म्हणून छप्पर मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंद झालेलं हवं. आता त्या आधीचे दिवस मोजा. कौलं उतरवणं, फुटकी बाजूला काढणं, परत चढवणं हे काम डोळ्यांना दिसतं. वासे आणि रिपा मात्र कौलं उतरल्याशिवाय दिसत नाहीत. वाळवी लागलेला वासा निघाला की लाकूड आणायचं, कापायचं, तासायचं, आणि चार दिवसांचं काम आठवड्यावर जातं. म्हणजे माणूस मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दारात हवा. त्याच दिवसांत गावात लग्नं असतात, आणि हाताशी येणारी माणसं आंब्याच्या बागेत तोडणीला असतात. म्हणून त्याच्याशी बोलणं शिमग्याला झालं पाहिजे, मे महिन्यात नव्हे. मेमध्ये मिळालेला होकार म्हणजे आधीच्या तीन घरांच्या मागचा नंबर.

बोलताना ‘कधी येशील?’ विचारू नका. त्याचं उत्तर फाल्या. ‘आता कुणाचं चालू आहे? किती राहिलंय? त्यानंतर कुणाचं?’ असं विचारा. या तीन उत्तरांची बेरीज म्हणजे तुमची खरी तारीख. तीत चार दिवस घाला.

उचल एकदम देऊ नका. सामान दारात पडलं की पहिला हप्ता, अर्धं काम झालं की दुसरा, आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस पडून गळती पाहिल्यावर. हे आधी ठरलेलं हवं. काम झाल्यावर दहावा हिस्सा अडकवून ठेवणं म्हणजे तुम्हीच शब्द मोडणं. उचल देऊन माणूस बांधला जातो असं समजणंही चूक. मासेमारीत हे दरवर्षी दिसतं: एक खलाशी, एकाच हंगामाची उचल दोन मालकांकडून, आणि पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या निघायच्या दिवशी एका जेटीवर शिव्या.

पाट

शब्द हातात धरता येतो असं एक ठिकाण कोकणात अजून शिल्लक आहे, ते म्हणजे गणपतीची शाळा, मूर्ती घडतात ती जागा. मूर्ती सांगायची म्हणजे घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाट दिला की तुमच्याकडून शब्द गेला, ठेवून घेतला की त्याच्याकडून आला.

पाट देताना त्याच्या मागच्या बाजूला ऑईलपेंटनं नाव आणि वाडी लिहा. खडूनं लिहिलेलं नाव ओल्या मातीच्या हातांनी पुसलं जातं, आणि एकाच आडनावाच्या वाडीत वीस सारखे पाट असतात. सोबत चिठ्ठी द्या: उंची प्रभावळीसह की त्याशिवाय, बैठक कशी, सोवळ्याचा रंग, न्यायला कोण येणार. ‘गेल्या वर्षीसारखी’ हे दोघांनाही आठवतं, पण वेगवेगळं. गेल्या वर्षीचा फोटो द्या.

उशिरा गेलेला पाट मूर्तिकारानं भिडेपोटी ठेवून घेतला तर पुढचं सगळं ठरलेलं आहे. पावसाळी हवेत माती सावकाश वाळते. आतून ओल असताना रंग चढवला की तडे जातात, पोपडे सुटतात, मग शेवटच्या रात्री बल्ब लावून शेकत बसायचं. म्हणून चांगला मूर्तिकार ठरावीक आकड्याला पाट घेणं बंद करतो. त्याचा राग धरू नका. त्याने आधीच्या पाटांना दिलेला शब्द तो पाळतो आहे.

घरात सुतक आलं, किंवा गणपती यंदा दुसऱ्या भावाकडे बसणार असं ठरलं, तर भटजींना विचारून काय ते नक्की करा आणि त्याच दिवशी शाळेत कळवा. कच्च्या अवस्थेत मूर्ती दुसऱ्याला देता येते. तुमच्या रंगात रंगवून झाली की ती बहुधा तुमचीच.

तारखेचा नव्हे, क्रमाचा

काही कामांत तारखेचा शब्द देणंच चूक. भाताची लावणी त्यातली. तरवा, म्हणजे लावायची रोपं, साधारण तीन आठवड्यांत काढणीला येतो, पण चिखल पावसावर. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांच्या कुणग्यांत (भातखाचरांत) उतरायचं ठरवताना ‘दहा तारखेला तुझ्याकडे’ म्हणू नका. ‘आधी वरचा मळा, मग तुझं, मग माझं’ असा क्रम ठरवा. पाऊस चार दिवस लांबला तरी क्रम टिकतो, तारीख टिकत नाही.

परतफेड माणसांच्या दिवसांत मोजा. त्यांच्याकडून चार माणसं एक दिवस आली, तर तुमच्याकडून चार माणसांचा एक दिवस जायला हवा. दोघंच जाणार असाल तर दोन दिवस. घरात आजारपण निघालं तर बदली मजूर पाठवा किंवा त्या दिवसाची मजुरी, पण त्याच आठवड्यात. तरवा वयात आला की थांबत नाही. जुन्या तरव्याला फुटवे कमी येतात. लावणी आटोपल्यावर नेऊन दिलेल्या मजुरीनं त्यांचं भात भरत नाही.

आंबे आणि मासे

मुंबईच्या मेव्हण्याला आंब्याचा शब्द मोहोर बघून देणं हा जुना आजार. मोहोर फुलतो, फोटो जातो, ‘यंदा दोन पेट्या तुमच्या’ असं लिहून जातं. मग तुडतुडे, थ्रिप्स, एखादी अवकाळी सर, आणि मोहोर करपतो किंवा गळतो. वाटाण्याएवढ्या फळांचीही गळ मोठी असते. फळ सुपारीएवढं होऊन टिकलं की आकडा बोलायला हरकत नाही, आणि तेव्हाही झाडावर दिसतं त्याच्या निम्म्याचाच बोला.

दुसरी गोष्ट, पेटीचा शब्द देऊ नका. डझनाचा आणि फळाच्या वजनाचा द्या. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सातआठ. ‘पाच डझन, फळ साधारण पाव किलोचं, कच्चं पाठवतोय, पेंढ्यात ठेवा, आठदहा दिवसांत पिकेल’ एवढं लिहिलंत की पुढचे निम्मे फोन येत नाहीत.

साक्याबद्दल मात्र आधीच बोला. फळ बाहेरून पिवळंधमक आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. वरून ओळखता येत नाही. झाडावर जास्त पक्व झालेलं, तोडल्यावर उन्हात तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेलं फळ साक्याकडे झुकतं. म्हणून पहाटे तोडा, सावलीत ठेवा, हे तुमच्या हातात. ‘एकही फळ खराब निघणार नाही’ हे कुणाच्याच हातात नाही. शब्द असा द्या: ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालतो.’ आणि ती खरोखर घाला. डझनात एकदोन फळं जातात, पण गिऱ्हाईक सुटत नाही.

माशाचा शब्द जातीचा कधीच देऊ नये. ‘उद्या पापलेट आणतो’ म्हणणाऱ्याचं पापलेट समुद्रात असतं. पैशाचा द्या: ‘पाचशेपर्यंत जे ताजं लागेल ते.’ शिवाय जून आणि जुलैत मोठ्या होड्या बंदीमुळे किनाऱ्याला असतात. त्या दिवसांत कुणी ताज्या पापलेटाचा शब्द दिला तर बर्फात किती दिवसाचं, एवढंच विचारा.

‘यंदा नक्की येतो’

गावात राहणाऱ्या आईवडिलांना दिलेला हा शब्द सगळ्यांत जास्त दिला जातो आणि सगळ्यांत महाग पडतो. कारण त्याच्या भरवशावर खोली झाडली जाते, गाद्या उन्हात पडतात, तांदूळ दळून येतात.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्यापूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. म्हणजे भाद्रपदातल्या गाडीचं तिकीट आषाढ लागताना सकाळी आठला काढायचं. त्या आधी ‘नक्की’ म्हणण्यात अर्थ नाही. म्हणायचं असेल तर असं: ‘तिकिटाला बसणार आहे. मिळालं की त्याच दिवशी सांगतो. नाही मिळालं तर एसटीनं येईन, पण एक दिवस उशिरा.’ रजेचं पक्कं नसेल तर तेही सांगा. म्हाताऱ्यांना अनिश्चितता पेलते. त्यांना त्रास होतो तो स्टेशनवर रिक्षा पाठवून ती रिकामी परत येण्याचा.

दर रविवारी फोन करायचा शब्द दिला असेल तर त्याला पावसाळ्याची पुरवणी जोडा: ‘रेंज नसेल तर सोमवारी सकाळी. सोमवारीही नाही लागला तर शेजारच्या दादांच्या फोनवर करीन.’ वीज गेली, टॉवर बंद पडला की तिकडे काय काय मनात येतं, ते इकडे बसून कळत नाही.

पैसे आणि जमीन

उसने पैसे देताना कागद करणं म्हणजे अविश्वास, हा समज सोडा. अर्ध्या पानावर चार ओळी पुरतात: कुणी कुणाला दिले, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दिल्याची तारीख, परत करायची तारीख, खाली सही. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, म्हणजे दिल्याचा पुरावा आपोआप राहतो. अशा पैशासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची. परत करायची तारीख ठरली नसेल तर ती पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. मुदत संपण्याआधी घेणाऱ्यानं ‘एवढे देणं बाकी आहे’ असं लिहून सही केली तर तिथून नवी तीन वर्षं. तोंडी ‘देतो रे’ म्हटल्यानं मुदत वाढत नाही, नातं मात्र तेवढं ताणलं जातं. चेक घेतला असेल तर तो तारखेपासून तीन महिन्यांत भरा. कपाटात जपून ठेवलेला चेक हा नुसता कागद.

‘पास झालास तर स्कूटर घेऊन देतो’ असा मामाचा शब्द १८७२च्या करार कायद्यात सहसा बसत नाही, कारण बदल्यात मामाला काही मिळत नाही. भाचा कोर्टात जाणार नाही. त्याची आई मात्र विसरणार नाही.

जमिनीत तोंडी शब्दाला थाराच देऊ नका. सातबाऱ्यावर बारापंधरा नावं, त्यातला एक बाराव्याच्या पंगतीत म्हणतो, ‘माझा हिस्सा मला नको, तूच ठेव.’ मनापासूनच म्हणतो. पण त्याचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहतं, आणि पुढे त्याच्या मुलांची चढतात. त्यांनी तो शब्द दिलेला नसतो. हक्कसोड पत्र करायचं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, मग तलाठ्याकडे फेरफार. शब्द देणारा हयात आणि खुशीत असतानाच.

नवस

नवसही शब्दच. बोलताना आपल्या आवाक्यातला बोला आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. मनातल्या मनात बोललेले नवस बोलणाऱ्याबरोबर जातात आणि मागच्यांच्या डोक्याला घोर राहतो. तुळाभार बोलला असाल तर पोर लहान आहे तोवर फेडा, वजन वाढतं. आंगणेवाडीला ओटी भरायचं बोलला असाल तर रजेत सैलपणा ठेवा, कारण भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. बोललेलं झेपत नाही असं झालं तर गुपचूप विसरू नका; देवळात गुरवाकरवी गाऱ्हाणं घालून बदल मागायची वाट असते. गंमत म्हणजे देवाकडे बदल मागायला आपण नारळ घेऊन वेळेवर जातो आणि सुताराला एक फोन करत नाही.

मोडायचा तर

मुदतीआधी मोडा. जमणार नाही हे ज्या क्षणी कळतं आणि आपण ते ज्या क्षणी सांगतो, त्या दोहोंमधल्या प्रत्येक दिवसाचं नुकसान समोरचा भरतो. शनिवारी लग्नाला भांडी द्यायची आहेत आणि बुधवारी कळलं की टेम्पो नाही, तर बुधवारीच सांगा. गुरुवारी त्याला दुसरा टेम्पो मिळेल, शुक्रवारी रात्री नाही.

फोन करा, मेसेज नको. निळी टिक दिसली म्हणजे समजलं असं नसतं. पहिलं वाक्य बातमीचं असावं:

‘काका, शनिवारची भांडी माझ्याकडून होत नाहीत.’

‘अरे, आता?’

‘टेम्पो बंद पडलाय. शेजारच्या वाडीत एकाकडे आहे, मी त्याच्याशी बोललोय, तो शुक्रवारी संध्याकाळी मोकळा आहे. भाडं तीनशे जास्त घेईल, ते मी देतो. त्याला हो सांगू?’

एवढंच. आधी हवापाणी, मग तब्येत, मग कारणं, आणि शेवटी बातमी, असं केलंत तर काकांना मधली पाच मिनिटं वाटत राहतं की तुम्ही सहज फोन केलाय. कारण एकाच वाक्यात. पर्याय विचारून, पक्का करून मगच बोला. ‘कुणीतरी मिळेल हो’ हा पर्याय नव्हे.

आणि त्याच फोनवर नवा शब्द देऊ नका. ओशाळलेला माणूस जुन्यापेक्षा मोठा शब्द देऊन बसतो: ‘पुढच्या लग्नाला सगळं माझ्याकडून.’ तो मोडण्याची तयारी तिथेच सुरू होते. एक रात्र जाऊ द्या.

लहान मुलांच्या बाबतीत ‘रविवारी किनाऱ्यावर नेतो’ मोडायचा असेल तर रविवार सकाळच्या आत, आणि लगेच दुसरा दिवस बोटानं कॅलेंडरवर दाखवून. ‘नंतर’ त्यांना कळत नाही, खूण केलेला चौकोन कळतो. इथे नवा शब्द चालतो, मोठ्यांच्या उलट.

दुसऱ्याने मोडला तर

आठवण एकदाच करा, मुदतीच्या दोन दिवस आधी, आणि कामाच्या भाषेत: ‘सोमवारसाठी सिमेंट आणून ठेवू ना?’ मुदत उलटून गेल्यावर ‘तू म्हणाला होतास’ या वाक्यानं काम होत नाही, भांडण होतं. मुदत वाढवून देणार असाल तर नवी तारीख तुम्ही बोला. त्याच्यावर सोडलीत तर पुन्हा फाल्या.

सोडून द्यायचं ठरवलंत तर ते त्याला तोंडानं सांगा. गप्प बसून सोडून दिलेला शब्द त्याच्या डोक्यावर राहतो. तो वाट बदलून जातो, तिठ्यावर तुम्हाला बघून दुकानात शिरतो. ‘त्या कामाचं आता राहू दे, मी दुसऱ्याकडून करून घेतलं’ एवढं म्हटलंत की पुढच्या वर्षी तोच माणूस कौलं चढवायला येतो.

उसन्याचे पैसे फिटले तर कागद फाडू नका. त्याच कागदावर ‘पूर्ण मिळाले’ असं लिहा, तारीख घाला, सही करा, आणि मूळ कागद पैसे फेडणाऱ्याच्या हातात द्या. स्वतःकडे झेरॉक्स पुरते.